बदललेली पेस्ट की बदललेला हात?

पत्र : मी ६१ वर्षांचा असून एका पतसंस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो आहे. वर्षभरापासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. दुकानातल्या प्रत्येक ट्यूबवर हिरड्या मजबूत करण्याचा दावा छापलेला असतो, म्हणून १ जूनपासून मी स्वतःच परीक्षा घ्यायचे ठरवले. एक पेस्ट पंधरा दिवस, मग दुसरी. सकाळी थुंकीत तांबडे दिसले की वहीत त्या दिवसापुढे फुली. लवंगाची पेस्ट, मिठाची, वनौषधींची, ‘हिरड्यांसाठी खास’ अशी चौथी आणि पाचवी नेहमीची पांढरी, अशा पाच पेस्टींना अनुक्रमे १२, १०, ७, ५ आणि २ फुल्या मिळाल्या. पाचवीबरोबर औषधाच्या दुकानातून आणलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सुरू केला. ब्रश झाला की लगेच त्याने चूळ भरतो आणि तो आता दोन महिने चालू आहे. तिसऱ्या पेस्टपासून मुलीने दिलेला मऊ ब्रश वापरतो आणि मोबाइलवर दोन मिनिटे लावून घासतो. रक्त येते ते बहुतेक वेळा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने येते. अलीकडे दात तपकिरी दिसू लागले आहेत आणि आमटी अळणी लागते, त्यामुळे वरून मीठ घ्यावे लागते. रक्तदाबासाठी तीन वर्षे अम्लोडिपिन घेतो. वरच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या थोड्या जाड झाल्यासारख्या वाटतात. दवाखान्यात दात साफ करून घेतले की ते हलू लागतात असे ऐकल्यामुळे गेलो नाही. माझी थोरली बहीण जन्मभर मशेरी लावते, तिच्या हिरड्यांतून रक्ताचा थेंब येत नाही आणि ती माझ्या वहीला हसते. पाचवी जोडी कायम ठेवू का? आणखी तीन पेस्टी आणून ठेवल्या आहेत, त्यांची परीक्षा कशी घ्यावी?
— एक हिशेबी वाचक, सातारा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे आमटीत वरून घेतलेले मीठ. आमटी अळणी झालेली नाही. क्लोरहेक्सिडिनमुळे जिभेची चव मंदावते आणि त्यातही खारट चव विशेष मंदावते, हा या औषधाचा फार पूर्वीपासून माहीत असलेला परिणाम आहे. हिरड्यांचा उपाय म्हणून सुरू केलेला माउथवॉश रक्तदाबाच्या रुग्णाला दोन महिने जादा मीठ खायला लावत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. म्हणून बाकी उत्तर सावकाश वाचा, पण ही बाटली आजच बंद करा. ती एकदम थांबवल्याने काही अपाय होत नाही आणि बहुतेकांची चव थोड्याच दिवसांत पूर्ववत होते. तोपर्यंत मिठाचा निर्णय घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी जिभेवर सोपवा.

दातांचा तपकिरी रंगही त्याच बाटलीचा आहे. क्लोरहेक्सिडिन दातांना आणि जिभेला चिकटून राहते, तोच त्याचा गुण आहे आणि तोच दोषही. त्याला चहा-कॉफीतील रंगद्रव्ये धरून बसतात. हा डाग दाताच्या आत गेलेला नसतो, दवाखान्यातील सफाईत तो निघतो. मात्र या औषधाचा आणखी एक परिणाम आपल्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे. ते दीर्घकाळ वापरले तर दातांवर कीटण, म्हणजे टार्टर, अधिक वेगाने चढते. म्हणजे आपल्या वहीत फुल्या कमी होत असताना, ज्या कारणाने फुल्या पडत होत्या ते कारण दाताच्या मुळाशी वाढत गेले असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे मिळणारे ०.२ टक्क्यांचे द्रावण सामान्यतः दोन आठवड्यांसाठी दिले जाते, आणि तेही हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा काही कारणाने ब्रश फिरवता येत नाही अशा वेळी. शिवाय आपण ते ब्रश झाल्यावर लगेच वापरत होता. पेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट आणि क्लोरहेक्सिडिन यांचे विद्युतभार एकमेकांच्या विरुद्ध असल्याने ती दोन्ही तोंडात एकमेकांना निष्प्रभ करतात. म्हणून दोहोंत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवायला सांगतात. ही सूचना पुष्कळ औषधविक्रेते देत नाहीत आणि बाटलीवर ती मुंगीच्या अक्षरात असते, त्यामुळे चूक आपली म्हणता येणार नाही.

आता वहीकडे वळू. पेस्ट बदलून पाहणारे रुग्ण मला आठवड्याला दहा भेटतात, पण पंच्याहत्तर दिवसांची सलग नोंद ठेवणारा विरळा. म्हणूनच त्या आकड्यांचे आपण काढलेल्यापेक्षा वेगळे अनुमान निघते हे आपल्याला पटवून देण्यात मला रस आहे. १२, १०, ७, ५, २ हे आकडे पुन्हा पाहा. हे जर पाच पेस्टींचे गुण असते तर ते असे शिस्तीत उतरते आले नसते. एखादी मधलीच पेस्ट चांगली निघाली असती आणि एखादी पुढची वाईट. नेमक्या वाईटापासून चांगल्यापर्यंतच्या क्रमानेच आपण पेस्टी विकत घेतल्या हा योगायोग मानण्यापेक्षा, पंच्याहत्तर दिवसांत दुसरे काहीतरी सतत सुधारत गेले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. ते काय, हेही आपणच लिहिले आहे. वही सुरू झाली त्या दिवसापासून आपण दातांकडे लक्ष देऊ लागलात, तिसऱ्या पेस्टबरोबर मऊ ब्रश आला आणि मोबाइलवर दोन मिनिटे लागू लागली. हिशेबात एकाच तारखेला तीन व्यवहार झाले असतील तर शिल्लक कोणामुळे बदलली हे सांगता येत नाही. येथे पेस्ट, ब्रश आणि वेळ हे तिन्ही व्यवहार १ जुलैच्या एकाच ओळीत आहेत. पाचव्या खेपेस माउथवॉश हा चौथा.

पंधरा दिवसांचा काळ का पुरत नाही याचे उत्तर १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे झालेल्या एका प्रयोगात आहे. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. दातांवरचा जिवाणूंचा थर हेच या सुजेचे कारण आहे, हे माणसांवर इतक्या स्वच्छपणे यापूर्वी दाखवले गेले नव्हते. आपल्याला त्यातून उपयोगी पडणारी गोष्ट अशी की, हिरडीची घडण आणि बिघडण या दोन्हींचा वेग आठवड्यांत मोजायचा आहे. त्यामुळे पंधरा दिवसांच्या खेपेत दुसऱ्या पेस्टला पहिल्या पेस्टच्या काळातील हिरड्या वारशाने मिळतात, आणि तिच्या शेवटच्या दिवसांत झालेल्या सुधारणेचे श्रेय तिसरी घेऊन जाते. बँकेत जसा आधीच्या तिमाहीचा धनादेश पुढच्या तिमाहीत वटतो, तसेच.

मोठ्या कंपन्या आपल्या पेस्टच्या चाचण्या घेतात तेव्हाही हीच अडचण येते. चाचणीत भाग घेणाऱ्यांपैकी ज्यांना साधी, औषधी घटक नसलेली पेस्ट दिली जाते, त्यांच्याही हिरड्या पहिल्या काही आठवड्यांत सुधारतात, कारण कोणीतरी आपले दात तपासणार आहे हे कळल्यावर माणूस नीट घासतो. म्हणून दोन गट, कोणती ट्यूब कोणाला मिळाली हे तपासणाऱ्यालाही माहीत नसणे आणि सहा महिन्यांचा कालावधी, इतका खटाटोप करावा लागतो. आपण तपासणारे, तपासून घेणारे आणि ट्यूब विकत आणणारे असे तिघेही एकटेच होता. डोळे मिटून पत्नीकडून ब्रशवर पेस्ट लावून घेण्याचा तोडगा आपल्या मनात आला असेल तर सांगते, लवंग ही जिभेला लवंगच लागणार.

अशा एकट्याने केलेल्या परीक्षेची परंपरा मात्र फार थोर आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांमधला पांढरा थर काढून स्वतः घासलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. ते दात मिठाने घासत आणि कापडाने पुसत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी व्हिनेगरने चूळ भरून पाहिली आणि नोंदवले की व्हिनेगरने थराच्या बाहेरच्या अंगाचे जीव मेले, पण ते थराच्या आत पोचलेच नाही. तीनशे चाळीस वर्षांनंतरही माउथवॉशच्या संदर्भात रुग्णांना सांगण्यासारखे यापेक्षा नेमके वाक्य मला मिळालेले नाही. तो थर म्हणजे नुसता जिवाणूंचा ढीग नसतो. जिवाणूंनीच तयार केलेल्या चिकट वेष्टनात ते राहतात आणि वरून ओतलेले औषध त्या वेष्टनाच्या पृष्ठभागावर अडते. थर आधी घासून मोडायचा, मगच औषधाचा विचार, हा क्रम त्यामुळे बदलत नाही.

क्लोरहेक्सिडिन हे हिरड्यांसाठीच्या सर्व चुळांत सर्वाधिक अभ्यासलेले औषध. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली ५१ अभ्यास एकत्र करून त्याचा आढावा घेतला. नेहमीच्या ब्रशला ही चूळ जोडल्याने दातांवरचा थर बराच कमी होतो, याविषयी शंका राहिली नाही. पण ज्यांच्या हिरड्यांची सूज मुळात सौम्य होती त्यांच्यात, शून्य ते तीन या मोजपट्टीवर सुजेचा आकडा चार ते सहा आठवड्यांत सरासरी ०.२१ ने उतरला, आणि इतका फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानता येणार नाही असे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले. सर्वांत प्रभावी मानलेल्या औषधाची ही गोष्ट. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक असलेले थायमॉल, निलगिरीचे युकॅलिप्टॉल आणि मेंथॉल घातलेली जुन्या पद्धतीची झोंबणारी चूळ, किंवा सेटिलपिरिडिनियम क्लोराइडची निळी-जांभळी चूळ, यांचाही थोडा उपयोग आहे, आणि त्यांनी दात सहसा इतके तपकिरी होत नाहीत. परंतु त्या सर्व ब्रशनंतरच्या जोडीदार आहेत, ब्रशच्या जागी येणाऱ्या नव्हेत. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांविषयी पुष्कळजण विचारतात, म्हणून सांगते, सुजलेल्या हिरडीला त्या सुखावतात, पण थर काढत नाहीत. त्या करून पाणी थुंकून टाकायचे असते, हे रक्तदाबाच्या रुग्णासाठी मुद्दाम लिहिते.

पेस्टविषयी माझे मत स्पष्ट आहे आणि ते ट्यूब विकणाऱ्यांना आवडत नाही. पेस्ट लावून घासले काय किंवा नुसत्या ओल्या ब्रशने घासले काय, थर निघण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात निघाला. थर ब्रशचे केस काढतात. पेस्टचे खरे काम फ्लोराइड पोचवण्याचे आहे, म्हणजे दात किडू न देण्याचे. भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग आहे. दहा-पंधरा दिवस निव्वळ वनौषधींची, फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरल्याने काही बिघडले नाही, पण साठीनंतर हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडू लागली की तीच सर्वांत आधी किडतात. त्यामुळे फ्लोराइड सोडून केलेल्या प्रयोगाची किंमत पुढे द्यावी लागते. ट्यूबवरच्या घटकांच्या यादीत स्टॅनस फ्लोराइड लिहिलेले असेल तर हिरड्यांच्या दृष्टीने तेवढ्यापुरता थोडा अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण त्यातील कथिलाचा अंश जिवाणूंना रोखतो आणि चांगल्या रचनेच्या चाचण्यांत त्याचा माफक फायदा दिसला आहे. लवंगेतील युजेनॉल जागा बधिर करते, त्यामुळे बरे वाटते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक दंतवैद्याइतका कोणाला ठाऊक नसेल. खरखरीत दंतमंजनांच्या वाटेला मात्र जाऊ नका. माझी आजी राखुंडीने दात घासायची आणि तिचे सर्व दात शेवटपर्यंत शाबूत होते असे आमच्या घरी अभिमानाने सांगत, पण प्रत्येक दाताच्या मानेपाशी पाचर मारल्यासारखी खाच होती, ते कोणी सांगत नसे.

मग आपली वही काय सांगते? माझ्या मते तिच्यातली सर्वांत मोलाची नोंद फुल्यांची नाही, जागेची आहे. पाच पेस्टी आल्या आणि गेल्या, पण रक्त येण्याची जागा बदलली नाही, ती खालच्या पुढच्या दातांची आतली बाजूच राहिली. जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे नेमकी तेथेच उघडतात. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांवरच्या थरात बसून त्याचा दगड होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. तोंडात ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तेथे साचते. जिभेचे टोक त्या दातांच्या मागून फिरवून पाहा. दात वेगवेगळे न लागता एक सलग खडबडीत भिंत लागली, तर निदान तुम्हीच केले. एकदा दगड झालेले कीटण कोणत्याही पेस्टने, चुळेने किंवा दातकोरणीने निघत नाही. ते हत्याराने काढावे लागते, आणि ते असेपर्यंत त्यावर रोज नवा थर बसत राहतो.

येथे आपण ऐकलेली भीती आडवी येते. साफ केल्याने दात हलतात, ही समजूत इतकी पसरली आहे की तिच्यात काही तथ्य असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथ्य इतकेच की, आतून हाड झिजलेल्या दातांना कीटणाने गिलाव्यासारखे एकमेकांशी जखडलेले असते. तो गिलावा काढला की दात मुळातच किती सैल झाले होते ते कळते. सुजलेली हिरडी ओसरल्याने फटीही मोठ्या दिसतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. स्केलिंगने, म्हणजे कीटण काढण्याच्या या सफाईने, दात सैल होत नाहीत. सैल झालेले दात स्केलिंगनंतर उघडे पडतात. ते पाच वर्षे लवकर कळणे बरे की उशिरा, हे आपणच ठरवा.

दवाखान्यात गेल्यावर केवळ सफाई करून परत येऊ नका. मोजणी करून घ्या. हिरडी आणि दात यांमधल्या फटीत मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई अलगद घालून प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजल्या जातात. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. आपल्या वहीतली दिवसाची एक फुली आणि हा तक्ता यांत रोकडवही आणि ताळेबंद यांच्याइतका फरक आहे. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य मानतात. चार किंवा अधिक खोली आणि त्या जागी रक्त, असे जेथे असेल तेथे सूज हिरडीपुरती राहिली आहे की हाडापर्यंत पोचली आहे हे क्ष-किरण चित्राने पाहावे लागते. हे महत्त्वाचे का, तर हिरड्या सुजलेल्या असलेल्या सर्वांचेच हाड सारख्या वेगाने झिजत नाही. याच ल्यो यांनी १९७० पासून श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० कामगारांना पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा तपासले. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्यही उपलब्ध नव्हता. जवळजवळ सर्वांच्या दातांवर थर आणि कीटण होते आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी त्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांचे नुकसान झपाट्याने झाले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचे दुखणे हिरडीच्या सुजेपलीकडे गेलेच नाही. आपण या तिघांपैकी कोणत्या गटात आहात हे थुंकीच्या रंगावरून कळत नाही.

त्याच भेटीत अम्लोडिपिनचा उल्लेख करायला विसरू नका. या वर्गातील गोळ्यांनी काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात, विशेषतः पुढच्या दातांमधल्या, आणि थर साचलेला असेल तर अधिक वाढतात. आपण वर्णन केलेला जाडपणा तसा असू शकतो. पण गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. दंतवैद्याने चिठ्ठी दिली तर रक्तदाबाचे डॉक्टर पर्यायी गोळीचा विचार करतील, आणि कित्येकदा नुसत्या सफाईनेच वाढ बरीच ओसरते. वर्षभरात रक्तातील साखर तपासलेली नसेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी करून घ्या. मधुमेहात हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

सफाईनंतर परीक्षा घेण्याची आपली हौस मी मोडू इच्छित नाही, फक्त तिचा विषय बदलू इच्छिते. सफाईनंतर चार ते सहा आठवडे काहीही नवे करू नका. हाच मऊ ब्रश, हीच दोन मिनिटे, कोणतीही एक फ्लोराइडची पेस्ट. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलवायचा, आडवा करवतीसारखा ओढायचा नाही. पुन्हा मोजणी झाली की परीक्षा सुरू करा, आणि पेस्टऐवजी ज्या जागेची परीक्षा आजवर झालीच नाही ती जागा घ्या, म्हणजे दोन दातांमधली फट. ब्रशचे केस तेथे पोचत नाहीत, आणि हिरड्यांचे दुखणे बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते. बाटलीच्या आतून फिरवायच्या ब्रशसारखा दिसणारा फटींचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. आपल्या फटींना कोणत्या मापाचा बसतो ते दंतवैद्याकडून पाहून घ्या, कारण तो जरा घट्ट बसायला हवा पण जोर लावावा लागता कामा नये. तीन आठवडे रोज रात्री तो फक्त उजव्या बाजूच्या फटींत फिरवा, डाव्या बाजूला नेहमीचा ब्रश पुरे. पेस्टची अशी डावी-उजवी परीक्षा घेता येत नाही, कारण फेस साऱ्या तोंडभर पसरतो. फटीच्या ब्रशची घेता येते, आणि तीच आपली डावी बाजू या परीक्षेत पत्नीच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडापेक्षा अधिक विश्वासू साक्षीदार ठरते.

नोंद रोज करू नका. दर रविवारी सकाळी, दात घासण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या ठरवलेल्या सहा-सहा फटींत बारीक ब्रश चार वेळा आत-बाहेर करा, पंधरा सेकंद थांबा आणि किती फटींतून रक्त दिसले ते लिहा. थुंकी तांबडी झाली की नाही यापेक्षा कोठून झाली हे त्यामुळे कळते. पहिल्या आठवड्यात उजवीकडे रक्त अधिक दिसेल. ते पाहून पुष्कळ लोक ब्रश फेकून देतात, कारण त्यांना वाटते की ब्रशने इजा केली. खरे तर सुजलेल्या हिरडीला प्रथमच कोणी हात लावलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा उतरू लागला तर डावी बाजूही लगेच सुरू करा, परीक्षेच्या शिस्तीपायी तिला आणखी ताटकळत ठेवू नका. तीन आठवड्यांनंतरही एखादी फट रविवारमागून रविवार रक्त देत असेल तर तिचा क्रमांक लिहून दंतवैद्याला दाखवा. तेथे खोल खिसा, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली पोकळी, किंवा उरलेले कीटण असण्याचा संभव अधिक.

आता आपल्या भगिनींविषयी, आणि येथे मी हसण्याच्या मनःस्थितीत नाही. रक्त न येणे हे निरोगी हिरडीचे लक्षण आहे, पण तंबाखू घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तो पुरावा धरता येत नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आतले हाड मात्र अधिक झिजते, हे वारंवार दिसून आले आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती तर थेट हिरडीवर चोळली जाते, तेथील त्वचा जाड व निबर होते. दात घासण्याच्या पेस्ट आणि मंजनांत तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा गाठणार? जी हिरडी रक्त देते ती निदान तक्रार करते. ताईंच्या हिरड्यांची तक्रार करण्याची सोय मशेरीने काढून घेतली असण्याची शक्यता आहे. त्यांच्या ओठांच्या व गालांच्या आतल्या बाजूला पांढरा किंवा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट न सोसणे किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही असेल तर सफाईची वाट न पाहता आधी त्यांना दाखवा. त्यांनी मशेरी सोडली तर पहिल्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त दिसू लागण्याचा संभव आहे. त्या वेळी ‘लावत होते तेच बरे होते’ असे त्या म्हणतील. ते वाक्य आपण आधीच ओळखून ठेवा आणि रक्त का दिसते ते त्यांना समजावून सांगा.

पाचवी जोडी कायम ठेवावी का, या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे : पेस्ट ठेवा, माउथवॉश सोडा, आणि दंतवैद्याची वेळ दोघांसाठी एकाच दिवसाची घ्या. वही सोबत न्या, आणि मोजणीचा तक्ता तिच्याच मागच्या पानांवर उतरवून आणा. आणून ठेवलेल्या तीन पेस्टींपैकी ज्यांवर फ्लोराइड लिहिलेले असेल त्या क्रमाने वापरून संपवा, त्यांना गुण देऊ नका. तिसरीत ते नसेल तर घरातली तांब्या-पितळेची भांडी घासायला ती उत्तम.